जुन्या हिप-हॉप ग्रुप्सचा विषय निघाला की लोक रेकॉर्ड कंपन्यांचीही नावं का काढतात?

कारण तेव्हा लेबलवरून गाणं कसं वाजणार याचा अंदाज यायचा. सिल्व्हिया रॉबिन्सन आणि त्यांचे पती जो यांनी 1979 मध्ये न्यू जर्सीत शुगर हिल रेकॉर्ड्स काढली. तिथे रॅपच्या मागे चक्क वादक वाजवायचे. शुगरहिल गँगच्या 'रॅपर्स डिलाइट'मधली बेसलाइन (बेस गिटारची धून) शीक या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'ची, पण ती स्टुडिओत नव्याने वाजवलेली आहे. बारा इंची तबकडीवर हे गाणं चौदा मिनिटांच्या वर चालतं!

माझा जीव मात्र न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या एन्जॉय या लेबलवर. मालक बॉबी रॉबिन्सन (आडनाव तेच, नातं काही नाही). ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं 'सुपररॅपिन' याच लेबलचं, 1979 चं. पाच जण एकमेकांच्या तोंडून ओळ अर्ध्यात उचलतात, पुन्हा सगळे एकत्र येतात, आणि ताल कुठेही सुटत नाही. ग्रुप म्हणजे काय ते इथे कळतं. पुढे ही मंडळी शुगर हिलकडे गेली. 1982 चं 'द मेसेज' गाजलं खरं, पण त्यात रॅप मुख्यतः ग्रुपमधला मेली मेल आणि शुगर हिलचा वादक ड्यूक बूटी यांचा; नाव तेवढं अख्ख्या ग्रुपचं.

त्याच वर्षी टॉमी बॉय लेबलच्या 'प्लॅनेट रॉक' या गाण्यात रोलंड 808 हे ड्रम मशीन घुमलं. 1983 मध्ये प्रोफाइल लेबलवर रन-डीएमसी हा ग्रुप आला, त्यांच्या 'सकर एमसीज'मध्ये नुसतं ड्रम मशीन आणि स्क्रॅचिंग (तबकडी हाताने पुढे-मागे घासून काढलेला आवाज). वादकांचा जमाना तिथून ओसरला.

ऐकायला 'सुपररॅपिन'पासूनच सुरुवात करा, तीही हेडफोन लावून.