मँचेस्टर युनायटेड एवढा खर्च करतो, तरी चाहते मालकांवर का चिडलेले असतात?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला, गेल्या दहा-बारा वर्षांत युनायटेडने खेळाडू घेण्यात पाण्यासारखा पैसा घातला, तरी चाहते मालक असलेल्या अमेरिकन ग्लेझर कुटुंबाला 'ग्लेझर चालते व्हा' म्हणून का ओरडतात. दुसरा जरा टोचणारा आहे: बेळगावात बसून इंग्लंडमधल्या क्लबच्या मालकावर तावातावाने बोलायचा आपल्याला काय अधिकार. मी टिळकवाडीत वाढलो, शाळेपासून युनायटेडचा आहे, आणि या विषयावर रात्र रात्र बोललोय. दोन्हींची उत्तरं देतो.

आधी पैशाचं. तक्रार 'खर्च करत नाहीत' अशी आहे असं तुम्हाला वाटतंय. तशी ती नाही. पैसा कुणाचा, कर्ज कुणाच्या डोक्यावर आणि ठरवतं कोण, ही तक्रार आहे. ती कळायला 2005 मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या माल्कम ग्लेझर यांनी सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब ताब्यात घेतला. त्यातले 50 कोटींहून जास्त पौंड उसने होते, आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेवर चढवला गेला. तोवर युनायटेडवर कर्ज नव्हतं. म्हणजे क्लब विकत घ्यायला काढलेलं कर्ज, विकत घेतलेल्या क्लबनेच फेडायचं. हे इंग्लंडच्या कायद्यात बसत होतं. ग्लेझरांनी स्वतःच्या हिश्शासाठी वेगळं एक कर्ज काढलं होतं, त्याचा व्याजदर 14.25 टक्के होता आणि 2010 मध्ये तो 16.25 टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी जानेवारीत क्लबने जुनं कर्ज फेडायला 50 कोटी पौंडांचे रोखे काढले. तेव्हापासून आजवर व्याज, कर्जाचे इतर खर्च आणि मालकांना दिलेला लाभांश मिळून 100 कोटी पौंडांहून जास्त रक्कम क्लबातून बाहेर गेलीय.

सुरुवातीची आठ वर्षं हे आमच्यासारख्यांना जाणवलं नाही, कारण डगआउटमध्ये मॅनेजर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन होते. 2007, 2008, 2009, 2011, 2013 अशी पाच लीग विजेतेपदं, मध्ये 2008 ची चॅम्पियन्स लीग. 2009 मध्ये रोनाल्डो 8 कोटी पौंडांना रेआल माद्रिदला गेला, आणि त्याच्या तोडीचा कुणी आला नाही. तरी म्हातारबाबा जिंकत राहिले. त्या काळात आमच्या कट्ट्यावर मालकाचं नाव क्वचित निघायचं. मँचेस्टरमधल्या लोकांना मात्र दिसत होतं. काही जणांनी 2005 मध्येच घरदार सोडावं तसं युनायटेड सोडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा छोटा क्लब काढला. 2010 मध्ये हजारो लोक हिरवे-सोनेरी मफलर घालून स्टेडियममध्ये येऊ लागले. हे रंग न्यूटन हीथचे, म्हणजे 1878 मध्ये स्थापन झालेल्या त्या रेल्वे कामगारांच्या क्लबचे, ज्याचं 1902 मध्ये मँचेस्टर युनायटेड झालं. त्या मार्चमध्ये युनायटेडचा जुना खेळाडू बेकहॅम मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डवर खेळला आणि जाताना त्याने प्रेक्षकांनी टाकलेला तोच मफलर गळ्यात घातला. तो फोटो मी तेव्हा सायबर कॅफेतून प्रिंट काढून घेतला होता.

2013 मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले आणि झाकलेलं सगळं उघडं पडलं. तुम्ही म्हणता तो खर्च इथून पुढचा. डि मारिया सहा कोटींच्या आसपास, वर्षभरात विकला. पोग्बा 8 कोटी 90 लाख, तो 2022 मध्ये एक छदाम न मिळता गेला. मॅग्वायर 8 कोटी. अँटनी 8 कोटींहून जास्त, आणि 2025 मध्ये तो जवळजवळ पाव किमतीत बेटिस या स्पॅनिश क्लबला दिला. ही यादी दाखवून लोक म्हणतात, बघा, मालकाने काही कमी केलं का?

पण हा पैसा मालकाच्या खिशातला नव्हताच. तिकिटं, टीव्हीचे हक्क, जर्सी, जाहिराती, म्हणजे क्लबचीच कमाई ही. चेल्सीला त्याचा रशियन मालक अब्रामोविचने स्वतःचे पैसे घातले, ते चांगलं की वाईट हा वेगळा वाद. ग्लेझरांनी युनायटेडमधून नेले. आणि तो खर्च करायची जबाबदारी कुणाकडे होती? एड वुडवर्डकडे. हा गृहस्थ जे. पी. मॉर्गनमध्ये बँकर होता, 2005 च्या खरेदीत त्याने ग्लेझरांना सल्ला दिला होता. 2013 पासून 2022 च्या सुरुवातीपर्यंत क्लबचा रोजचा कारभार त्याच्या हातात होता. जाहिरातदार जोडण्यात तो हुशार होता हे मी मान्य करतो. पण फर्ग्युसननंतरचे मॅनेजर मॉयस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, प्रत्येकाची खेळायची तऱ्हा निराळी, प्रत्येकाला वेगळे खेळाडू हवे, आणि मागच्याने आणलेले पुढच्याला नको. कोणता खेळाडू का घ्यायचा हे ठरवणारं जाणकार माणूसच वर नव्हतं. पैसा वाया गेल्याचा राग हा पैसा न घातल्याच्या रागापेक्षा मोठा असतो, हे मला त्या वर्षांत कळलं.

आणि ज्यावर खर्च करायला हवा होता तिथे झाला नाही. ओल्ड ट्रॅफर्डचं शेवटचं मोठं वाढकाम 2006 चं. मे 2024 मध्ये आर्सेनलविरुद्धच्या मॅचनंतर पाऊस झाला आणि छतातून धबधबा कोसळताना सगळ्या जगाने पाहिला. आम्ही पावसाळ्यात आंबोलीला जातो ते धबधबे बघायला. आपल्या क्लबच्या स्टँडवर तसंच पाणी पडताना बघून मला रडू येत होतं.

मग ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ आले. डिसेंबर 2023 मध्ये करार, फेब्रुवारी 2024 मध्ये सुमारे 27 टक्के हिस्सा आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे. मँचेस्टरजवळचाच माणूस, लहानपणापासून युनायटेडचा. आम्हाला वाटलं, सुटलो. पण पुढे काय झालं बघा. जुलै 2024 मध्ये मॅनेजर टेन हागचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढला. डॅन अ‍ॅशवर्थ यांना क्रीडा संचालक म्हणून आणलं, ते पाच महिन्यांत गेले. या दोन्ही गोष्टींवर मिळून 1 कोटी 45 लाख पौंड गेले. त्याच काळात 250 कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, नंतर आणखी दोनशेपर्यंत नोकऱ्या काढायचं जाहीर केलं, उरलेल्यांचं कँटीनमधलं मोफत जेवण बंद केलं. हंगाम अर्ध्यावर असताना उरलेल्या तिकिटांचा दर 66 पौंड केला, त्यात लहान मुलांना, म्हाताऱ्यांना सवलत नाही. आणि 2024-25 मध्ये संघ पंधराव्या नंबरवर. बिलबाओला टॉटनहॅमविरुद्ध युरोपा लीगची फायनल होती, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. शहापुरात एका मित्राच्या गच्चीवर आम्ही सगळे होतो, मराठी, कानडी, कोकणी, उर्दू बोलणारे. 1-0 ने हरलो. कुणी रेफरीला शिव्या दिल्या नाहीत, कुणी खेळाडूंनाही नाही. जो तो मालकांवर बोलत होता. पंधरा वर्षांपूर्वी असं झालं नसतं.

आता 'ठरवतं कोण' याकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने हाच गाभा आहे, आणि आपल्या भागातल्या माणसाला तो इंग्लंडच्या माणसापेक्षा लवकर कळावा.

आमचा सीमाभाग ऊस, दूध आणि सोसायट्यांचा. निपाणी, चिकोडी, पलीकडे कागल, गडहिंग्लज, जिकडे जाल तिकडे सभासद. कारखान्याच्या वार्षिक सभेत टोपी घातलेला एखादा आजोबा माइक हातात घेऊन चेअरमनला विचारतो, 'मळीचे पैसे कुठं गेले? शेजारच्या कारखान्यानं जास्त दर दिला, तुम्हाला काय झालं?' सभेत गोंधळ होतो, माइक काढून घेतात, ठराव 'मंजूर, मंजूर' म्हणत रेटतात, हे सगळं मी पाहिलंय. तरी त्या आजोबांचं नाव सभासदांच्या यादीत असतं आणि पाच वर्षांनी त्यांच्या दारात मत मागायला यावं लागतं.

जर्मनीत फुटबॉल क्लबात हेच आहे. तिथे 50+1 असा नियम आहे: बाहेरच्या गुंतवणूकदाराने कितीही पैसा आणला तरी निम्म्याहून एक जास्त मत क्लबच्या सभासदांकडेच राहायला हवं. बायर्न म्युनिकचे 75 टक्के क्लबच्या मालकीचे, उरलेले आदिदास, आउडी आणि अलियान्झ यांच्यात वाटलेले. पळवाटा आहेत, लाइपझिग क्लबने सभासदांची संख्याच मूठभर ठेवून नियम वाकवला. पण डिसेंबर 2023 मध्ये जर्मन लीगने टीव्ही हक्कांच्या कमाईतला हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला द्यायचं ठरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू टाकून मॅचेस थांबवल्या आणि फेब्रुवारी 2024 मध्ये लीगला तो बेत सोडावा लागला. युनायटेडच्या चाहत्याकडे असं काही नाही. क्लबचे शेअर 2012 पासून न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत, मी-तुम्ही घेऊ शकतो, पण ग्लेझरांकडच्या 'ब' वर्गाच्या शेअरला एकाला दहा मतं आहेत. सभेत उभं राहून विचारलं तरी मतदानात आपण नगण्य.

म्हणून लोक रस्त्यावर येतात. एप्रिल 2021 मध्ये बारा क्लबांच्या मालकांनी चाहत्यांना न विचारता सुपर लीग नावाची स्वतःची वेगळी युरोपियन स्पर्धा जाहीर केली, त्यात युनायटेडचं नाव पुढे होतं. दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब माघारी फिरले. तरी 2 मे रोजी लोक ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. बाटल्या फेकणं, पोलिसांना इजा करणं मला मुळीच मान्य नाही. पण त्यांच्याकडे दुसरा कोणता दरवाजा होता, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मँचेस्टरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हंगामाचं तिकीट काढणाऱ्या माणसाइतका माझा हक्क नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. तिकिटाचे दर त्याच्या पोरांना परवडावेत म्हणून तो भांडतो, ते भांडण आधी. पण टीव्हीच्या हक्कांतून जो पैसा जातो त्यात आपल्या घरचं महिन्याचं वर्गणीचं बिलही असतं, आणि क्लब जाहिरातदारांना सांगतो की आशियात आमचे एवढे चाहते. माझी संख्या विकायला चालते, मग माझं मत का चालू नये?

शिवाय हे दुखणं इंग्लंडचं एकट्याचं नाही. बेळगावहून अनमोड घाट उतरला की गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम. तिथे आमच्यातल्या अनेकांनी पहिल्यांदा मोठं फुटबॉल पाहिलं. गोव्याचं फुटबॉल खाणमालकांच्या घराण्यांनी उभं केलं. धेंपोने पाच राष्ट्रीय लीग विजेतेपदं जिंकली. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब दी गोवा, तिघेही आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. मालकांची कारणं होती, राष्ट्रीय फुटबॉल ज्या दिशेने चाललं होतं त्याला त्यांचा विरोध होता. पण चाहत्यांच्या हातातून संघ गेला तो गेलाच. पुण्याचं आणखी वाईट. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. पुण्यात शिकायला असलेली आमच्याकडची पोरं बालेवाडीला जाऊन ओरडायची, त्यांनी आता कुणासाठी ओरडायचं? 2025 च्या उन्हाळ्यानंतर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच अधांतरी झाली, कारण लीग चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आला होता, आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडूंचे पगार थांबवले.

उलट चाहत्यांचं ऐकलं गेल्याचं एक उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलं. 1889 चा मोहन बागान. 2020 मध्ये नवीन मालकांनी त्याच्या नावापुढे स्वतःच्या आधीच्या क्लबचं 'एटीके' चिकटवलं. कोलकात्याचे लोक तीन वर्षं 'रिमूव्ह एटीके' म्हणून फलक घेऊन उभे राहिले, संघ जिंकत असतानाही. मार्च 2023 मध्ये फातोर्ड्याला आयएसएलची फायनल होती, बंगळुरूविरुद्ध. आम्ही बंगळुरूच्या बाजूने गेलो होतो, पेनल्टीवर हरलो. त्याच रात्री मोहन बागानचे मालक संजीव गोयंका यांनी नाव बदलायचं जाहीर केलं. परतीच्या वाटेवर, लोंढ्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा आमच्यातला प्रत्येक जण हरलेल्या फायनलपेक्षा त्याच बातमीवर बोलत होता.

इंग्लंडमध्येही थोडं हललंय. जुलै 2025 मध्ये तिथे फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला. क्लबच्या घरच्या जर्सीचा रंग किंवा चिन्ह बदलायचं तर आता चाहत्यांना विचारावं लागेल, आणि मालकाच्या पैशाची व लायकीची तपासणी होईल. पण 2005 सारखं कर्ज जे आधीच चढलंय ते या कायद्याने उतरत नाही. मार्च 2025 मध्ये एक लाख प्रेक्षकांच्या, सुमारे 200 कोटी पौंडांच्या नव्या स्टेडियमची चित्रं दाखवली. छान आहेत. पण ते 200 कोटी कुठून येणार आणि व्याज कोण भरणार हे आधी लेखी सांगा, अशी मागणी मँचेस्टरच्या चाहत्यांनी लावून धरायला हवी, आणि ती केली तर बेळगावातून माझी सही त्याखाली असेल.