पाळणाघर एवढं महाग का असतं, आणि तिथे मुलं काही शिकतात की नुसती सांभाळली जातात?

महाग असण्याचं कारण साधं आहे, हे काम मशीन लावून होत नाही. तान्ही बाळं असतील तर एक बाई फार तर तीन-चार जणांना नीट बघू शकते, म्हणजे तिचा अख्खा पगार तेवढ्याच घरांकडून यायला हवा, वर जागेचं भाडं वेगळं. फी कमी केली की कात्री तिच्या पगाराला लागते, ती सोडून जाते आणि बाळ परत नवा चेहरा बघून रडत बसतं. सरकारने पैसा घातल्याशिवाय हे गणित सुटत नाही असं माझं मत. कॅनडातल्या क्वेबेकने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलर फी ठरवली, बाकीचा भार सरकारने उचलला, लहान मुलं असून नोकरी करणाऱ्या बायका चांगल्याच वाढल्या (सगळीकडे दर्जा मात्र सांभाळता आला नाही, तेही खरंय).

शिकण्याचं म्हणाल तर अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२ पासून पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला, गरीब घरातली १२३ मुलं, त्यातल्या ५८ जणांना बालवाडी मिळाली. चाळिशीपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं, बालवाडीवाल्यांची कमाई जास्त आणि अटका कमी निघाल्या. मुलं थोडीच होती, पण तरी...

बघायला जाल तेव्हा रंगीत भिंतींवर जाऊ नका. मूल काही बोललं की बाई खाली बसून त्याला उत्तर देते का ते बघा, आणि शिफ्ट लांबून न्यायला उशीर झाला तर जादा पैसे किती लावतात ते आधीच विचारून घ्या.