आधी मानशीवर जा

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

पर्यावरण स्पर्धेसाठी तुमच्या गटाने ‘गोव्याचं प्रदूषण’ हा विषय घेतल्याचं कळलं. तो सोडून द्या. तुम्ही नववी-दहावीची पाच मुलं चार महिन्यांत गोव्याचं प्रदूषण कुठे कुठे शोधणार? शेवटी नेटवरचे आकडे उतरवाल आणि थर्माकोलचा डोंगर रंगवाल. (अशा स्पर्धांनंतर शाळेच्या मागे जो थर्माकोल साठतो, त्यावर खरं तर कुणीतरी प्रकल्प करायला हवा.)

तुमच्या वाड्याखालीच मांडवीच्या काठी खाजन, म्हणजे बांध घालून राखलेली सखल जमीन आहे. तिथली शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली असूनही पिकतात, ती बांधामुळे आणि मानशीमुळे, म्हणजे बांधात पाण्यासाठी ठेवलेल्या दारांच्या वाटेमुळे. मानशीची लाकडी दारं एकदा नीट बघून ये. भरती चढली की नदीचंच पाणी त्यांना दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. दारं झिजली किंवा कुणी मुद्दाम उघडी ठेवली, तर खारं पाणी आत शिरतं आणि शेत नासतं.

तुमचा प्रश्न एवढाच ठेवा: आपल्या मानशीतून खार आत येतो का, आणि किती?

मोजायची सोय तुमच्या प्रयोगशाळेतच आहे. पाण्याचा नमुना डिस्टिल्ड पाण्याने दहापट पातळ करा, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाका आणि ब्युरेटमधून (खुणा असलेल्या काचेच्या नळीतून) सिल्व्हर नायट्रेट सोडत जा. पिवळा रंग विटकरी व्हायला लागला की थांबायचं. किती मिली लागलं त्यावरून क्लोराइड निघतं, आणि क्लोराइडवरून पाणी किती खारं ते कळतं. हे रसायनाच्या बाईंसमोरच करा, कारण क्रोमेट विषारी आहे. उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, बाटलीत साठवा. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं तर काळे डाग पडतात आणि कित्येक दिवस जात नाहीत.

आता खरी मेख. तुम्ही दर रविवारी सकाळी दहाला नमुना घ्यायचं ठरवाल, पण भरती रविवार पाळत नाही. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शिवाय या रविवारी उधाण (मोठी भरती) असेल तर पुढच्या रविवारी भांग (लहान भरती). म्हणजे आकडे वरखाली होतील ते चंद्रामुळे, आणि तुम्ही दोष द्याल मानशीला. म्हणून घड्याळ बघू नका, पाणी बघा: नेहमी भरती पूर्ण चढल्यावरच नमुना घ्या, आणि त्या दिवशीची तिथी वहीत लिहा. वेळापत्रक मुरगाव बंदराचं मिळेल, पण नदीत आत भरती उशिरा पोचते. किती उशिरा, ते काठावर खुणा केलेला बांबू रोवून तुमचं तुम्हीच काढा.

दुसरं, एक बाटली दाराबाहेरची आणि एक आतली, दोन्ही एकाच वेळी. पावसात मांडवी जवळजवळ गोडी होते आणि पाऊस सरला की मे महिन्यापर्यंत खारट होत जाते. नुसतं आतलं पाणी मोजलंत तर खार वाढलेला दिसणारच. बाहेरच्याशी ताडून पाहिलं, तरच मानशीबद्दल काही बोलता येईल.

लोकांशी बोला, पण जपून. मानशीवरच्या मासळीचा लिलाव घेतलेला माणूस म्हणेल, दारं जुनी झालीत. शेतकरी म्हणेल, कोळंबी आत यावी म्हणून मुद्दाम उघडी ठेवतात. दोघांचंही लिहून घ्या, निवाडा करू नका. गावात रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात. बांध कुठे खचतो हे म्हाताऱ्या कुळांना विचारा, त्यांना ते पायाखालच्या मातीवरून कळतं.

मानशीजवळ पाण्याला ओढ असते. बाटली दोरीला बांधून सोडा, कुणीही खाली उतरायचं नाही. मोठं माणूस सोबत हवंच.

आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच खारट निघालं तर तसंच लिहा, आणि काहीच शिरत नाही असं दिसलं तर तेही लिहा. परीक्षकांना नाट्य आवडतं म्हणून आकडे फुगवू नका.

सिल्व्हर नायट्रेट महाग असतं. शाळेत नसेल तर या आठवड्यातच कळव, मी बघतो.

तुझे,
सर