सी ड्राईव्ह भरलाय, डी मधली जागा डेटा न घालवता सी ला कशी देऊ?

तुम्ही लिहिलंय की सी १०० जीबीचा आहे आणि लाल झालाय, डी ३७६ जीबीचा आणि त्यात १८० जीबीच भरलंय, म्हणून डी श्रिंक (लहान) करून ५० जीबी मोकळी केलीत तरी सी वर एक्स्टेंड व्हॉल्यूम (जागा वाढवायचा पर्याय) फिकटच दिसतंय. तुमचं काही चुकलेलं नाही. विंडोज सी ला फक्त त्याच्या लगेच उजवीकडची मोकळी जागा जोडू देतं आणि श्रिंक केल्यावर जागा सुटते ती डी च्या शेवटी, म्हणजे सी आणि ती जागा यांच्या मधे डी बसलेलाच राहतो. आपल्या पेठेतल्या वाड्यात ओळीनं खोल्या असतात ना, मधल्या बिऱ्हाडानं पलीकडची भिंत आत घेतली तर तुमची खोली कशी मोठी होणार, तसंच.

यावर सगळे सांगतात की पार्टिशनचं (डिस्कचे सी, डी असे भाग बदलणारं) सॉफ्टवेअर टाका आणि डी उजवीकडे सरकवा. होतं, पण डी ची सुरुवात सरकवायची म्हणजे आतला डेटा उचलून दुसऱ्या जागी लिहायचा, त्याला तासन् तास लागू शकतात आणि मधेच बंद पडलं तर अर्धं इकडे अर्धं तिकडे. माझं हेच झालं. डेस्कटॉप, यूपीएस नाही, गुरुवार होता आणि दुपारी लाईट गेली. परत चालू केला तर डी रॉ, म्हणजे विंडोजला वाचताच न येणारा, दाखवतोय. त्यात बाबांच्या एकसष्टीचे फोटो होते, रिकव्हरी सॉफ्टवेअरनं बरेच परत आले पण नावं, फोल्डर सगळं गेलेलं आणि कितीतरी फोटो अर्धेच उघडतात, अजून वाईट वाटतं.

म्हणून मी सांगेन की सरकवूच नका. डी चा सगळा डेटा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा, १८० जीबीला तास-दोन तास जातील, बारीक फायली खूप असतील तर जास्त. मग दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या जुळवा आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-दहा फायली खरंच उघडून बघा, हे टाळू नका. त्यानंतरच स्टार्टवर राईट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, डी वर डिलीट व्हॉल्यूम, आता सी च्या शेजारी अनअलोकेटेड (कुणालाच न दिलेली जागा) दिसेल, सी वर एक्स्टेंड करा. आकडा एमबीत मागतो, १०० जीबी वाढवायचे तर १०२४०० टाका. उरलेल्या जागेत न्यू सिंपल व्हॉल्यूम, अक्षर डी च द्या आणि डेटा परत आणा. डी वर सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलेली असतील तर ती मात्र आधी काढून नंतर नव्यानं टाकलेली बरी. मधेच डिस्क डायनॅमिक करू का असं विचारलं तर नाही म्हणा.

डिलीट केल्यावर हिरव्या चौकटीत फ्री स्पेस दिसलं तर ते जुनं एक्स्टेंडेड पार्टिशन आहे, तेही डिलीट करावं लागतं, मगच अनअलोकेटेड होतं.

खरी अडचण एकच, सी आणि डी च्या मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी ठेवलेला छोटा भाग) असेल तर डी उडवूनही एक्स्टेंड फिकटच राहणार. म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधलं चित्र आधी बघा. तसं असेल तर डी उडवल्यावर जीपार्टेड (पार्टिशन सरकवायचं फुकट सॉफ्टवेअर) पेनड्राईव्हवरून बूट करून फक्त ते रिकव्हरीचं उजवीकडे न्यायचं, ते बहुतेक वेळा १ जीबीच्या आतबाहेर असतं त्यामुळे पटकन होतं, पण चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच. त्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर चालू व्हावं म्हणून अर्धवटच बंद होणं) बंद करून लॅपटॉप पूर्ण शटडाऊन करा, नाहीतर जीपार्टेड विंडोजच्या पार्टिशनला हात लावत नाही.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही बघा, नव्या लॅपटॉपमध्ये आपल्याला न कळता चालू असतं. असेल तर ते कुलूप उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, ती लॅपटॉपमध्येच सेव्ह करून उपयोग नाही.

डिलीट दाबायच्या आधी डिस्क मॅनेजमेंटचा स्क्रीनशॉट इथे टाका, रात्री नऊनंतर मी असतो, बघून सांगतो.