सतरा वर्षांच्या मुलाला घरीच बिअर दिली तर आईवडिलांवर केस होते का? (सांगली)

हो, होऊ शकते. घर आपलं, बाटली आपली म्हणून सुटका नाही. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 77 नुसार 18 वर्षांखालच्या मुलाला दारू देणारा कुणीही दोषी ठरतो. शिक्षा 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. त्यात आईबापांना सूट नाही, हळदीच्या रात्री स्टीलच्या पेल्यात 'एक घोट घे रे' म्हणून ओतणाऱ्या मामालाही नाही. सूट एकच, पात्र डॉक्टरांनी सांगितलं असेल तर. त्यामुळे सर्दीला चमचाभर ब्रँडी हा आजीचा उपायही कागदावर त्यात बसत नाही (त्यासाठी कुणी आजीला धरून नेणार नाही, ते सोडा). पोराला पिशवी देऊन वाइन शॉपवर पिटाळत असाल तर तेही बंद करा. मुलाकडून दारू वाहून आणवणं कलम 78 मध्ये येतं, शिक्षा तेवढीच.

मात्र तुम्ही गावाला गेलात आणि मुलानं कपाटातली बाटली गुपचूप काढली, तर 77 सरळ लागत नाही, कारण तुम्ही 'दिली' नाही. माहीत असून जाणूनबुजून काणाडोळा केला असेल तर कलम 75 (मुलाशी क्रूरता किंवा त्याची जाणूनबुजून हेळसांड) पुढे येऊ शकतं. 2024 च्या पुण्यातल्या कल्याणीनगर पोर्शे अपघातात गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या वडिलांवर 75 आणि 77 याच कलमांखाली गुन्हा नोंदवला होता.

आणि अठरा पूर्ण झाली म्हणजे मोकळीक, असंही नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं लागतात.