गाडीबिडी: आतून लालभडक, वर पिवळी शिवण, आणि बाबांचा मूड ऑफ

प्रश्न: काका, दिवाळीत सेकंडहॅन्ड हॅचबॅक घेतलीये. बाहेरून साधी पांढरी, पार्किंगमध्ये स्वतःची स्वतःला सापडणार नाही अशी, पण दार उघडलं की आत लालभडक सीटा, त्यावर पिवळी शिवण आणि दारांना फिरोजी कापड. आधीच्या मालकानं हौसेनं करून घेतलंय. मी बघितली आणि तिथेच टोकन दिलं. पण बाबा म्हणतात गणपतीचा मांडव घेऊन आलास का, मित्र हसतात, आणि आता घरात काळी सीट कव्हरं टाकायचा विषय चाललाय, नाहीतर विकताना कुत्रं विचारणार नाही म्हणे. टाकू का? – ओ., सिंहगड रोड

उत्तर: नको टाकूस.

अरे आपल्याकडे गाडीचा आतला रंग ठरवतो कोण, तर जो माणूस अजून भेटलेलाच नाहीये, पाचसात वर्षांनी गाडी घ्यायला येणार आहे तो. त्याला खटकू नये म्हणून आपण सगळे गपचूप बेज नाहीतर काळ्यात बसतो. बरं बेज मळतं म्हणून त्यावर कव्हर, कव्हर मळू नये म्हणून त्यावर टॉवेल, ही तर सरकारी अँबॅसडरपासून चालत आलेली पद्धत आहे. म्हणजे कंपनीनं दिलेली सीट पहिल्या मालकाला धड दिसतच नाही. बाहेरचा रंग रस्त्यावरचे लोक बघणार, तू तर सकाळी नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर आत बसून असणार, मग आत तुला आवडतं ते का नको?

आणि भडक म्हणजे थिल्लर असं बाबांना वाटत असेल तर त्यांना दोन गाड्या दाखव. पहिली 1976 ची फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, म्हणजे साध्या गोल्फची जोरात पळणारी आवृत्ती. तिच्या सीटांवरची लाल-काळी चौकडी गुनहिल्ड लिलयेक्विस्ट या बाईंनी केली, त्या फोक्सवॅगनमध्ये यायच्या आधी चॉकलेटच्या खोक्यांची डिझाइनं करायच्या, आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा बॉल बसवायची आयडिया पण त्यांचीच. ती चौकडी अजून जिवंत आहे. 2016 ला भारतात पोलोची जीटीआय आणली, फक्त 99 गाड्या, तिच्यातही होती (साधी पोलो आपल्या चाकणला बनायची, ही मात्र आयात). दुसरी 1977 ची पोर्श 928. तिला मिळायचं ते पाशा नावाचं कापड, रेस संपताना फडकवतात त्या झेंड्यावरून सुचलेलं, पण चौकटी अशा लहानमोठ्या आणि वाकवलेल्या की जरा वेळ बघितलं तर गरगरतं. पुढच्याच वर्षी ती युरोपात कार ऑफ द इयर झाली. आणि 2025 मध्ये पोर्शनं 911 गाडीच्या स्पिरिट 70 या खास आवृत्तीत पाशा परत आणलं, म्हणजे ज्याला लोक नाकं मुरडायचे त्याच्यासाठीच आता जास्तीचे पैसे मोजतायत. मला स्वतःला पाशा झेपत नाही, पण ज्यानं ते पास केलं त्याला सलाम.

आता बाबांची बाजू. विकताना वेळ लागणार हे खरंय, दहा जण फोटो बघून पुढे जातील. पण अकरावा येईल तो त्या लाल सीटांसाठीच येईल, आणि त्याला भाव पाडायला जड जाईल. आधीच्या मालकाकडे कंपनीची मूळ कव्हरं पडलेली असतील तर आजच फोन करून माग आणि माळ्यावर टाकून दे, बाबा पण शांत होतील.

रंगापेक्षा काम कसं झालंय ते बघ, खरी मेख तिथे आहे. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असं लिहिलेलं छोटं लेबल आहे का? असेल तर धडक बसल्यावर त्या बाजूची शिवण फुटून एअरबॅग बाहेर येते. लोकल कारागिरानं तिथे जाड दोऱ्यानं दुहेरी शिवण मारली असेल तर उसवून नीट करून घे, त्यात कंजुषी नको. आणि अशा सीटवर अख्खं काळं कव्हर चढवलं तर तोच घोळ, हे बाबांना आवर्जून सांग.

दुसरं, लाल रंग उन्हात लवकर उडतो. काचांना काळी फिल्म लावून वाचवू म्हणशील तर 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती बंद केलीये, त्यामुळे सावलीत पार्किंग आणि पुढच्या काचेला सनशेड, एवढंच हातात आहे. आणि नाना पेठेत जाऊन तेच कापड मिळतंय का बघ, मिळालं तर दोनेक मीटर घेऊन ठेव, कारण पुढच्या लॉटमध्ये तोच लाल मिळत नाही आणि एक सीट वेगळी दिसली की मग खरंच मांडव.

प्रश्न: महिंद्राची थार रॉक्स बुक करतोय, मिस्टरांना आतून पांढरीच हवीये. दोन मुलं, एक लॅब्रेडॉर, पावसाळ्यात दर रविवारी मुळशी. काय करू? – एस., औंध

उत्तर: ताई, 2024 ला गाडी आली तेव्हा आतून पांढरीच होती, लोकांनी एवढी बोंब मारली की महिंद्रानं नंतर मोका ब्राउन, म्हणजे तपकिरी रंग आणला. कुठल्या व्हेरिएंटला मिळतो ते शोरूममध्ये विचारा, तुमच्या घराला तोच बरा. पांढरंच घ्यायचं ठरलं तर चिखलाला घाबरू नका, चिखल पुसला जातो. घाबरायचं ते नव्या जीन्सला, तिचा निळा रंग सीटला लागतो आणि मुरला की निघता निघत नाही. ओल्या मायक्रोफायबरनं दर आठवड्याला पुसा, घरातलं फरशी पुसायचं लिक्विड अजिबात नको. आणि सीट पुसायचं काम मिस्टरांकडे, हे बुकिंगच्या आधी ठरवा.

प्रश्न: डॅशबोर्डला पिवळा रॅप (वरून चिकटवायची रंगीत फिल्म) करायचाय, आरटीओचा त्रास होईल का? – एक वाचक, हडपसर

उत्तर: आरसीवर बाहेरचा रंग असतो, तो बदलला तर नोंद करावी लागते, आतल्याची नाही. पण डॅशबोर्डचा वरचा भाग सोडून दे, तो काळा किंवा गडद ठेवतात त्याला कारण आहे, फिका असला की उन्हात पुढच्या काचेवर त्याचंच प्रतिबिंब पडतं आणि समोरचं नीट दिसत नाही. खालचा भाग, दारं, कन्सोल, हवं ते पिवळं कर. पॅसेंजरच्या एअरबॅगच्या झाकणावरून रॅप ओढायचा नाही. आणि खर्च मोठा असेल तर इन्शुरन्सवाल्याला आधी कळव, बाहेरून करून घेतलेलं काम पॉलिसीत नोंदवलेलं नसेल तर क्लेमच्या वेळी त्याचे पैसे मिळत नाहीत.