१९११ चं अडीच डॉलरचं नाणं घेताय? थांबा जरा

घाई नको. शिल्पकार बेला लायन प्रॅटच्या या अमेरिकी सोन्याच्या नाण्यावरचं चित्र उठावाचं नाही, खोलगट आहे. त्यामुळे सपाट भागच आधी घासला जातो आणि नवख्याला झीज कळतच नाही. नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवा. पुढच्या बाजूच्या इंडियनच्या (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाच्या) गालावर, मागच्या गरुडाच्या खांद्यावर चमक मध्येच तुटली की समजा, नाणं वापरातलं आहे.

त्या वर्षी डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडलेली फक्त ५५,६८० नाणी, म्हणून नकलीही भरपूर. मागच्या बाजूला बाणांच्या टोकांच्या डावीकडचा ‘डी’, म्हणजे डेन्व्हरची खूण, भिंगातून बघा. तो पुसट असेल तर भाव उतरतो. खऱ्या नाण्याचं वजन ४.१८ ग्रॅम. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतलंच घ्या. मी एकदा सुटं घेतलं होतं, ‘डी’ चक्क चिकटवलेला निघाला! आणि हो, नाणं पुसू नका, मऊ कापडानेसुद्धा.